चेहऱ्याचं हाड मोडणं इतकं सर्रास असतं का?

अबोली
१४ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. गेले दहा दिवस दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून सविस्तरच लिहिते.

माझा धाकटा भाऊ घोडबंदर रोडवर बाईकवरून पडला. मानपाड्याहून पातलीपाड्याकडे येत होता, रात्रीचे साडेनऊ, पावसाची रिपरिप. वेग म्हणावा असा नव्हताच. खड्ड्यातून निघून रस्ताभर पसरलेल्या खडीवर पुढचं चाक सरकलं आणि तो थेट हनुवटीवर आपटला. हेल्मेट होतं, पण टोपीसारखं अर्धं, हनुवटी उघडी ठेवणारं. डोक्याला ओरखडासुद्धा नाही. एका रिक्षावाल्या दादांनी त्याला उचललं, बाईक कडेला लावली आणि आम्ही पोचेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. त्यांचं नावही विचारायचं राहिलं, ती रुखरुख आहेच.

जवळच्या एका दवाखान्यात हनुवटीला पाच टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि "मुका मार आहे, दोन दिवसांत सूज उतरेल" म्हणून घरी पाठवलं. आम्हीही सुटकेचा श्वास सोडला. सकाळी आईने दुधात कुस्करून पोळी दिली, तर एक घास घेऊन तो थांबला. म्हणाला, "ताई, माझे दात एकमेकांवर बसत नाहीयेत." मी मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं. खालच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली होती आणि एक दात दुसऱ्यापेक्षा खाली गेला होता, जिन्याच्या पायरीसारखा. मधली हिरडी फाटलेली. जिभेखाली काळंनिळं. खालच्या ओठाला हात लावला तरी त्याला कळत नव्हतं.

मग मोठ्या रुग्णालयात धावलो. सीटी स्कॅन झाला. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता, पुढे हनुवटीच्या उजव्या बाजूला आणि मागे डाव्या कानापुढच्या सांध्यापाशी. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. प्लेटा बसवल्यात आणि वरचे-खालचे दात तारांनी बांधलेत.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. काल त्याला तपासणीला नेलं तेव्हा ओपीडीबाहेरच्या बाकावर दोन तास बसले होते. माझ्या डावीकडे पार्सल पोचवणारा एक मुलगा, कुत्रं आडवं आलं म्हणून पडलेला, एक गाल दुसऱ्यापेक्षा चपटा. त्याच्या पलीकडे कोलशेतच्या एक आजी, पहाटे बाथरूममध्ये तोल गेला. समोर बॉक्स क्रिकेट खेळताना डोळ्याखाली चेंडू लागलेला कॉलेजचा पोरगा. परांचीवरून पडलेले एक गवंडी काका. आणि कोपऱ्यात एक बाई, पदराने अर्धा चेहरा झाकून. कोणीतरी विचारलं तर म्हणाल्या, "पायरीवरून पडले." एका सकाळी, एका बाकावर, पाच चेहरे. मला आजवर वाटायचं की माणसाचे हातपाय मोडतात, चेहरा क्वचित. हे खरंच इतकं सर्रास आहे? आणि कशाकशाने होतं? जाणकारांनी कृपया लिहा.


पारसिककर
१४ जुलै, रात्री ११.१५

अबोलीताई, भावाला लवकर आराम पडो. रिक्षावाल्या दादांना माझाही नमस्कार.

एक सांगतो, कारण बरेच लोक पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने थांबत नाहीत. अपघातातल्या माणसाला मदत करणाऱ्याला नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही तेही त्याच्या इच्छेवर. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलमच आलं. मी मुलुंड-ऐरोली रस्त्यावर रोज असतो. गर्दी जमते आणि मोबाईल निघतात, पण हात पुढे येत नाही. कायदा माहीत असेल तर येईल असं मला मनापासून वाटतं.


खाडीकाठ
१५ जुलै, सकाळी ७.०५

अबोली, तुमचं वर्णन वाचून पहाटेच लिहायला बसलो. मी नवी मुंबईत मॅक्सिलोफेशियल सर्जन आहे, म्हणजे तोंड, जबडा आणि चेहऱ्याच्या हाडांची ऑपरेशनं करतो. गेली एकोणीस वर्षं हेच काम.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर, हो, सर्रास आहे. रोगांचा जागतिक भार मोजणाऱ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ७५ लाख लोकांच्या चेहऱ्याचं हाड नव्याने मोडलं. लाखामागे साधारण शंभर माणसं. त्यात सगळ्यात मोठं कारण होतं पडणं. साधं पडणं, घरात, जिन्यात, रस्त्यावर.

आपल्याकडच्या रुग्णालयांत मात्र चित्र वेगळं दिसतं. इथे पहिलं कारण रस्त्यावरचे अपघात, आणि त्यात दुचाकी. येणारे बहुतेक पुरुष, वय वीस ते चाळीस, म्हणजे घरातला कमावता माणूस. त्याखालोखाल पडणं आणि मारामारी, मग खेळ आणि कामावरचे अपघात. ज्या देशांत रस्ते आणि सीटबेल्ट यांची शिस्त बसली, तिथे मारामारी वर चढते. ब्रिटनमध्ये १९८३ साली पुढच्या सीटवर बेल्ट सक्तीचा झाला, तेव्हा काचेवर आपटून चेहरा फुटलेल्यांची रांग डोळ्यांदेखत कमी झाली. आमच्या विषयात शिकताना हे उदाहरण हमखास येतं. नशिबात होतं म्हणून चेहरा फुटला असं मी म्हणूनच मानत नाही. कारण काढलं की तो फुटायचा थांबतो.

कुठलं हाड जास्त मोडतं? एकूणात नाकाचं. ते सगळ्यात पुढे असतं, पातळ असतं आणि सगळ्यात कमी जोराने मोडतं. पण रुग्णालयात भरती होणाऱ्यांच्या नोंदी काढल्या तर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खालचा जबडा वर येतो, कारण नाक मोडलेले बरेच जण बाहेरच्या बाहेर उपचार घेऊन जातात, काही तर कुठेच जात नाहीत. मग गालाचं हाड, मग डोळ्याची खोबण आणि वरचा जबडा. कपाळाचं हाड फोडायला फार मोठा दणका लागतो. कपाळाचं हाड मोडलेला माणूस आला की आम्ही आधी मेंदूची काळजी करतो, चेहरा नंतर.

आता तुमच्या भावाचं. हनुवटीला मार आणि दोन जागी मोड, हे अगदी ठरलेलं गणित आहे. काचेची बांगडी जमिनीवर पडली तर एकाच जागी तडकत नाही. खालचा जबडाही तसाच, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत वळलेला. उजवीकडे पुढे आपटला की जोर हाडातून फिरत जातो आणि डावीकडे मागे, सांध्याजवळच्या बारीक मानेपाशी बाहेर पडतो. कवायतीत ताटकळून चक्कर आलेले शिपाई सरळ हनुवटीवर कोसळतात आणि त्यांचे दोन्ही कानांपुढचे सांधे मोडतात. या मोडीला इंग्रजी पुस्तकांत पहारेकऱ्यांचंच नाव आहे.

हनुवटी फुटलेल्या प्रत्येक माणसाच्या कानापुढे बोट ठेवून, तोंड उघडायला लावून बघायलाच हवं. टाके घालणाऱ्याचं लक्ष जखमेकडे जातं आणि मागची मोड राहून जाते. तुम्ही दाताची पायरी, फाटलेली हिरडी, जिभेखालचं काळंनिळं आणि बधिर ओठ लिहिलंत. या चारही खुणा मोडलेल्या जबड्याच्या आहेत. त्यात सगळ्यात विश्वासाची खूण तुमच्या भावानेच सांगितली, दात नेहमीसारखे बसत नाहीत. आपल्या दातांची ठेवण आपल्या जिभेला पाठ असते. केसभर फरक पडला तरी कळतं. माणूस असं म्हणाला की स्कॅन होईपर्यंत मुका मार हा शब्द मी तोंडातून काढत नाही.


रुजुता_नेरुळ
१५ जुलै, सकाळी ९.३०

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून हात थरथरतायत. माझा मुलगा सहा वर्षांचा. बारा दिवसांपूर्वी सोसायटीतल्या घसरगुंडीवरून हनुवटीवर पडला. तीन टाके पडले, जखम छान भरली. पण तेव्हापासून जेवताना चिडचिड करतो, पेरूची फोड नको म्हणतो. आता त्याला तोंड उघडायला लावलं तर हनुवटी डावीकडे सरकते. आधी असं होत होतं का ते आठवत नाही. मी उगाच घाबरतेय का?


खाडीकाठ
१५ जुलै, सकाळी ९.४५

रुजुताताई, उगाच नाही. आजच दाखवा. उघडताना हनुवटी ज्या बाजूला सरकते, त्या बाजूचा सांधा दुखावलेला असण्याची शक्यता असते. पूर्ण जबड्याचा एक्सरे, ज्याला ओपीजी म्हणतात, तो काढायला सांगा. मूल स्थिर उभं राहिलं तर मिनिटभराचं काम. त्यात स्पष्ट दिसलं नाही तर स्कॅन.

घाबरवायला नाही, पण सगळ्याच आईबापांसाठी लिहितो. लहान मुलांची हाडं लवचीक असतात, चेहरा डोक्याच्या मानाने छोटा असतो, त्यामुळे पाच वर्षांखालच्या मुलांच्या चेहऱ्याचं हाड तसं कमी मोडतं. पण जबड्याची वाढ होण्यात या कानापुढच्या टोकाचा मोठा वाटा असतो. तिथे मोड झाली, कोणाच्या लक्षात आली नाही, दुखतं म्हणून मूल तोंड कमी उघडू लागलं, की काही मुलांमध्ये तो सांधा हळूहळू हाडाने जुळून बंद होतो. तोंड एक बोटभरही उघडत नाही, हनुवटी मागे राहते, चेहरा वाकडा वाढतो. अशी मुलं माझ्याकडे दहाव्या-बाराव्या वर्षी येतात. आईला विचारलं की आठवतं, "हो, लहानपणी पडला होता, टाके घातले होते." तेव्हा तीन आठवडे साधे व्यायाम केले असते तर मोठं ऑपरेशन टळलं असतं, हे त्या आईला सांगणं माझ्या कामातला सगळ्यात जड भाग आहे.


निशिगंधा
१५ जुलै, दुपारी ३.१०

मी वीस वर्षं कॅज्युअल्टीत नर्स आहे. अबोली, तुझ्या बाकावरच्या त्या कोपऱ्यातल्या बाईंबद्दल लिहायचंय.

"पायरीवरून पडले." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. खरोखर पडलेल्या बाईचे तळहात खरचटलेले असतात, कारण पडताना माणूस हात पुढे करतो. गुडघा फुटतो, हनुवटी फुटते, नाक फुटतं. आणि ज्या बाईचा डावा गाल आत गेलाय, डावा डोळा मिटलाय, पण हातांवर साधा ओरखडा नाही, तिच्याकडे मी वेगळ्या नजरेने बघते. मारणारा बहुतेक उजव्या हाताचा असतो आणि समोर उभा असतो. सोबत आलेला माणूस तिच्याऐवजी उत्तरं देत असेल तर मी ड्रेसिंगचं निमित्त काढून त्याला बाहेर पाठवते. मग हळूच विचारते, "ताई, घरी सुरक्षित आहात ना?" पहिल्यांदा बहुतेक जणी होकारार्थी मान हलवतात. दुसऱ्यांदा आल्या की रडतात.

म्हणून नीट समजून घ्या. कायद्यात हाड किंवा दात मोडणं ही गंभीर दुखापत आहे. आधी भारतीय दंड संहितेत कलम ३२० होतं, आता भारतीय न्याय संहितेत ११६. त्यामुळे कॅज्युअल्टीच्या कागदावर एक्सरेत दिसलेली मोड लिहिली जाणं फार महत्त्वाचं असतं. आज तक्रार करायची हिंमत नसेल तरी तो कागद जपून ठेवा, शक्यतो माहेरी किंवा मैत्रिणीकडे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, १८१ हा महिला मदत क्रमांक आहे. आपल्याकडे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं, रुग्णालयातच समुपदेशन आणि कायद्याची मदत देणारं. नंतर ते इतर रुग्णालयांतही गेलं. अशा केंद्रात बसलेल्या ताई आधी पाणी देतात, मग विचारतात. तेवढ्याने बाई बोलती होते, हे मी पाहिलंय.

आणि शेजाऱ्यांनो, भिंतीपलीकडून आवाज येत असेल तर बेल वाजवा. वाटीभर साखर मागायला जा. बेल वाजली की हात थांबतो.


माई
१५ जुलै, सायंकाळी ६.२०

निशिगंधा, तुझ्या शेवटच्या ओळी वाचून डोळे भरून आले. आमच्या चाळीत हे व्हायचं, कोणीतरी हाक मारायचंच. फ्लॅटमध्ये दारं बंद.

मी वाशीला राहते, वय ७१. मागच्या दिवाळीत पहाटे उठले, बाथरूमला जाताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बेसिनच्या कडेवर तोंड आपटलं. नाकाचं हाड आणि वरचे दोन दात. रक्तदाबाची गोळी बदलल्याला आठवडाच झाला होता. नंतर डॉक्टरांनी आडवं पडून आणि उभं राहून असा दोनदा रक्तदाब मोजला, तर उभं राहिल्यावर झपकन खाली येत होता. गोळीची मात्रा कमी केली. तेव्हापासून पलंगावर दोन मिनिटं बसते, पाय हलवते, मग उठते. मुलाने बाथरूममध्ये पकडायची दांडी लावून दिली आणि रात्रभर छोटा दिवा. माझ्या वयाच्या मैत्रिणींनो, एवढं कराच. आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तोंडावर पडल्यावर कितीही बरं वाटलं तरी डोक्याचा स्कॅन टाळू नका.


समीर_घणसोली
१५ जुलै, रात्री ९.००

सगळे प्रतिसाद वाचले. मला एक खटकतंय. शेवटी सगळं हेल्मेटवर येऊन थांबणार. खड्डा कोणी बुजवायचा? मी ठाणे-बेलापूर रोडने रोज जातो. मे महिन्यात पूर्ण हेल्मेटमध्ये घामाने डोळे चुरचुरतात, पावसात काच धुकटते, बाजूचं नीट दिसत नाही. अर्धं घालतो तो माणूस बेजबाबदार असतो असं नाही. अबोलीताईंचा भाऊ खडीवर घसरला. दोष खडीचा.


अबोली
१५ जुलै, रात्री ९.४०

समीर, खडीचा राग माझ्याइतका कोणाला असेल? दुसऱ्या दिवशी मी त्या जागी जाऊन फोटो काढून तक्रार नोंदवली आहे. खड्डा बुजायलाच हवा, आणि तो बुजवणं माझ्या भावाचं काम नाही. पण त्या रात्री खडी होती. हनुवटीपुढे काही असतं तर ती खडी त्याच्या हेल्मेटला लागली असती. मला दोन्ही गोष्टी हव्यात.


खाडीकाठ
१५ जुलै, रात्री १०.३०

समीर, तुमची घामाची अडचण खरी आहे. हवा खेळती ठेवणारी छिद्रं असलेली, वजनाने हलकी पूर्ण हेल्मेटं मिळतात. धुकं न धरणारी पातळ फिल्म काचेला आतून लावता येते. एकदा दुकानात पाच-सहा घालून बघा, मापाचा फार फरक पडतो. गालाला घट्ट बसायला हवं, डोकं हलवलं तर हेल्मेट सोबत फिरायला हवं. आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा आकडा बघून घ्या. आणि पट्टा लावा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण म्हणतात, "हेल्मेट होतं डॉक्टर, पण उडून गेलं."

देशाचा आकडा मोठा आहे. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ५०,०२९ हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे होते, आणि त्यात १४,३३७ मागे बसलेले. मागे बसणाऱ्याने घालायचं नाही असा आपल्याकडे एक विचित्र समज आहे. कायदा चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सांगतो. हे आकडे मृत्यूंचे. जे वाचले आणि चेहरा घेऊन माझ्या दारात आले त्यांची मोजणी यात नाही.

अर्धं हेल्मेट कवटी वाचवतं, ते नसण्यापेक्षा शंभर पटीने बरं. पण जबडा, गाल, नाक उघडंच राहतं. चेहऱ्याच्या मधल्या भागाची बांधणी अशी आहे की चावण्याचा जोर खालून वर येतो, तो पेलायला हाडाचे उभे खांब आहेत. समोरून येणारा दणका पेलायला काहीच नाही, आत हवेच्या पोकळ्या आणि मध्ये पापडासारख्या भिंती. रने ल फोर या फ्रेंच सर्जनने मृतदेहांच्या डोक्यांवर वेगवेगळ्या बाजूंनी आघात करून पाहिले आणि १९०१ साली मांडलं की वरचा जबडा कसाही फुटत नाही, तीन ठरावीक रेषांवर सुटतो. सव्वाशे वर्षं होत आली, आम्ही अजून त्याच्याच नावाने पहिली, दुसरी, तिसरी मोड म्हणतो. तिसऱ्या प्रकारात अख्खा चेहरा कवटीपासून सुटा होतो. रात्री दोन वाजता असा विशीतला मुलगा टेबलवर असतो आणि बाहेर त्याची आई उभी असते. म्हणून मी हेल्मेटबद्दल आग्रहाने बोलतो. रस्त्याबद्दलही बोलतो.


बेलापूरचा_विनू
१६ जुलै, सकाळी ८.१५

क्रिकेटवाल्यांचंही थोडं. आम्ही रविवारी टर्फवर खेळतो. छोटं मैदान, जाळी जवळ, बॅट्समन दहा-बारा पावलांवर. मागच्या महिन्यात आमच्यातल्या एका पोराच्या तेरा वर्षांच्या भावाला डोळ्यावर चेंडू लागला. डोळा बाहेरून अगदी स्वच्छ, सूज नाही, लाली नाही. पण त्याला उलट्या होत होत्या, वर बघ म्हटलं की एक डोळा वर जायचा, दुसरा जागेवर. आम्हाला वाटलं डोक्याला लागलं. ते नक्की काय असतं डॉक्टर? त्याचं दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन केलं.

लहानपणी टीव्हीवर पाहिलेला कुंबळे आठवतो, २००२ ची अँटिग्वा कसोटी. डिलनचा चेंडू लागून जबडा मोडला, तरी डोक्यावरून हनुवटीखाली पट्टी बांधून आला आणि लाराला बाद केलं. तेव्हा फक्त अभिमान वाटला होता. आता हा धागा वाचून त्या पट्टीखाली काय दुखत असेल ते कळतंय.


खाडीकाठ
१६ जुलै, दुपारी १.५०

विनू, बरं झालं हे लिहिलंत. डोळ्याच्या खोबणीचा तळ फार पातळ असतो. चेंडू लागला की डोळ्यामागचा दाब वाढतो आणि तो तळ खाली फुटतो. मोठ्या माणसात तुकडा पडून जातो. मुलांमध्ये हाड लवचीक, म्हणून ते झडपेसारखं उघडतं आणि लगेच मिटतं, त्यात डोळा हलवणारा स्नायू अडकतो. बाहेरून डोळा पांढराशुभ्र. उलट्या होतात, नाडी मंदावते, म्हणून सगळे डोक्याच्या माराकडे बघत बसतात आणि तोवर स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. शक्यतो एक-दोन दिवसांच्या आत सोडवावा लागतो. ज्यांनी ओळखलं त्यांना माझा सलाम.

नाकाचंही असंच एक घाईचं काम असतं. मार लागल्यावर नाक दोन्ही बाजूंनी चोंदलं, तर मधल्या पडद्यात रक्त साचलंय का ते त्याच दिवशी बघून घ्या. साचलेलं काढलं नाही तर आतली कूर्चा, म्हणजे नाकातलं मऊ हाड, मरते आणि नाक मधोमध बसतं. बाकी साधं वाकडं झालेलं नाक सूज उतरली की बसवता येतं, मोठ्यांचं साधारण दोन आठवड्यांच्या आत, मुलांचं त्याहून लवकर. नंतर ते वाकडंच जुळतं.

अपघाताच्या जागी असाल तर, माणूस शुद्धीवर असेल तर त्याला पुढे झुकवून बसवा, रक्त बाहेर गळू द्या. उताणं झोपवू नका. जबडा पुढे मोडला की जीभ मागे पडते आणि श्वास कोंडतो. बेशुद्ध असेल तर मान आणि पाठ एका रेषेत धरून कुशीवर वळवा. पडलेला अख्खा दात सापडला तर मुळाला हात न लावता वरून धरा, घासू नका, दुधात टाका आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्या. बऱ्याचदा तो परत लागतो. नाकातून पाण्यासारखं पातळ, खारट काही ठिबकत असेल तर नाक शिंकरू नका, डॉक्टरांना सांगा, ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं.


स्वरगंधा
१६ जुलै, दुपारी ४.३०

अबोली, तारा बांधल्यावर खायचं काय करतेस? माझ्या मिस्टरांना पाच वर्षांपूर्वी साडेचार आठवडे बांधल्या होत्या, नऊ किलो वजन गेलं. पहिला आठवडा मी फक्त ज्यूस आणि सूप देत बसले, ते चुकलं. मग शिकले. मऊ मुगाची खिचडी चमचाभर तूप घालून मिक्सरला, मग पिठाच्या चाळणीने गाळायची. नाचणीची आंबील ताकात. वरणाचं घट्ट पाणी. खजूर भिजवून दुधात. मासे खात असाल तर सारातला मासा काटे काढून, वाटून, गाळून. दिवसातून सात-आठ वेळा थोडं थोडं. दात आवळलेले असले तरी शेवटच्या दाढेमागे फट असते, तिथे मऊ नळी किंवा बिनसुईची सिरिंज बसते. प्रत्येक वेळेनंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. आणि तारा कापायची कात्री उशाशी. उलटी झाली तर कुठली तार कापायची ते डॉक्टरांकडून आधीच शिकून घे.


अबोली
१६ जुलै, रात्री ९.१५

स्वरगंधा, तुझे आभार कसे मानू. खिचडी गाळायची कल्पना आईला वाचून दाखवली. आज त्याने दोन वाट्या घेतल्या. कात्री उशाशी दोऱ्याने बांधली आहे.


रुजुता_नेरुळ
१७ जुलै, सकाळी ११.००

सगळ्यांना सांगायला आलेय. डाव्या कानापुढचा सांधा मोडलाय. ओपीजीत दिसलं. डॉक्टर म्हणाले वेळेत आलात, ऑपरेशनची गरज नाही. मऊ खाणं आणि तोंड उघडायचे व्यायाम. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या. आज पाच मावल्या. काडी धरून तो आरशासमोर उभा राहतो आणि हनुवटी सरळ खाली नेतो.

खाडीकाठ डॉक्टर, अबोलीताई, हा धागा त्या दिवशी वाचला नसता तर मी अजून त्याला जेवणावरून रागावत बसले असते.


पारसिककर
१७ जुलै, दुपारी १२.२०

रुजुताताई, वाचून खूप बरं वाटलं. एक भर घालतो, कोणाच्या उपयोगी पडेल. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रोकडरहित उपचारांची योजना लागू केली आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. रुग्णालयात पोचल्यावर पहिल्याच दिवशी त्याबद्दल विचारा.


अबोली
२९ ऑगस्ट, सकाळी ८.३०

धागा वर काढतेय. मागच्या शुक्रवारी तारा काढल्या. पहिल्या दिवशी तोंड जेमतेम दीड बोट उघडत होतं, आज अडीच. तीन बोटं व्हायला हवीत म्हणतात. सात किलो वजन गेलंय. काल आईने मऊ भाकरी दुधात कुस्करून दिली, ती त्याने जिभेने चेचून खाल्ली. दातांनी चावायला अजून दोन आठवडे मनाई आहे. ओठाचा उजवा कोपरा अजून बधिर आहे, पाणी पिताना तिथून ओघळतं आणि त्याला कळत नाही. डॉक्टर, ते परत येईल ना?


खाडीकाठ
२९ ऑगस्ट, दुपारी २.०५

ओठाची नस नुसती ताणली गेली असेल तर बहुतेकांची जाणीव परत येते, पण महिने लागतात. ओठात मुंग्या किंवा सुया टोचल्यासारखं वाटू लागलं की घाबरू नका, ती नस जागी होत असल्याची खूण आहे. तोवर चहा ओठाला लावण्याआधी बोटाने तपासायला सांगा, भाजलेलं त्याला कळणार नाही. आणि दर महिन्याला कापसाच्या टोकाने ओठावर हळूच फिरवून बधिर भागाची कड पेनने कागदावर काढून ठेवा. पुढच्या भेटीला तो कागद घेऊन या.